‘तळ उत्तम’ असा अहवाल देऊन विकलेल्या फायबर होडीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वापरलेल्या बोटी विक्री विभाग

मालवण, दि. १४ ऑक्टोबर २०२४

विषय: २२ फुटी वापरलेली फायबर होडी, तपासणी अहवालातील खोटी माहिती आणि दुरुस्ती खर्चाची मागणी

महोदय,

आपल्या यार्डातून ऑगस्टमध्ये घेतलेल्या होडीबद्दल फोनवर बोलून झाले, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून झाले. दर वेळी फोन नवाच माणूस उचलतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आता लेखी देत आहे.

होडी जुनी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या होडीला ओरखडे असणार, जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, केसासारख्या भेगा असणार, कुठेतरी जोडकाम झालेले असणार. ते दिसले असते तर मी किमतीत घासाघीस केली असती आणि घेतलीही असती. माझी तक्रार आहे ती आपल्या अहवालाबद्दल. होडीचे ४ लाख ६० हजार घेतलेत, त्यावर ‘तज्ज्ञ तपासणी’चे साडेसहा हजार वेगळे घेतलेत आणि सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेत: तळ उत्तम, ट्रान्सम (आत प्लायवूड असलेली, इंजिन टांगायची मागची फळी) मजबूत, ओलावा सामान्य, पूर्वीची दुरुस्ती आढळली नाही. या चारांपैकी एकही गोष्ट खरी निघाली नाही.

पर्यटकांचा हंगाम सुरू झाला तशी होडी मागून बसायला लागली. रात्री रिकामी नांगरून ठेवावी, तर सकाळी बुडात पाणी. शेवटी वाळूवर ओढून घेतली आणि मासेमारीच्या होड्यांचे फायबरकाम करणाऱ्या इथल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कुठले यंत्र आणले नव्हते. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने नाळेपासून मागेपर्यंत तळ वाजवत गेले. धड फायबर टणक, कोरडे वाजते. उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या थोडे खाली, आवाज एकदम बसला. भद्द. पुढे-मागे वाजवून त्यांनी खडूने हद्द आखली, ती दीड वीत रुंद भरली. तिथला रंग खरवडल्यावर खाली पुट्टी निघाली, बोटभर जाड. पुट्टीखाली फुटलेले मॅट, म्हणजे काचतंतूंचे कापड, धागे पांढरे पडून मोकळे झालेले. आतल्या बाजूने मॅटचा एकच थर डकवून वर राखाडी रंग फासला होता.

फुटलेल्या तळाची दुरुस्ती अशी होत नाही, हे आपल्या तज्ज्ञांना माहीत असायला हवे. फुटका भाग कापून काढायचा, भोवतीचे फायबर जाडीच्या साधारण बारा पटीपर्यंत उतरते घासायचे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी सात सेंटिमीटर, आणि मग थरावर थर चढवायचे. पुट्टी ही पृष्ठभाग सपाट करण्यापुरती असते. लाटेचा मार ती खात नाही. अशी होडी घेऊन मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या मारल्या, तेही माणसे बसवून. पुढचे तुम्हीच समजून घ्या.

तळाच्या मागच्या भागात रंगाखाली बारीक फोड होते. त्यातला एक टोचला तर आंबूस, व्हिनेगरसारखा वास असलेले चिकट पाणी आले. जेलकोटमधून वर्षानुवर्षे पाणी झिरपून आत फायबर बांधून ठेवणाऱ्या रेझिनशी त्याची क्रिया झाली की असे फोड येतात. विक्रीनंतरच्या काही आठवड्यांत ते उगवत नाहीत. आणि ‘ओलावा सामान्य’ हा शेरा आला कुठून? ओलावा मोजायचा मीटर लावायचा तर तळ कोरडा लागतो, वरचा रंग निदान ठिकठिकाणी खरवडावा लागतो. ऐन पावसाळ्यात, ताज्या रंगावर घेतलेले ते रीडिंग कशाचे म्हणायचे, ते आपणच सांगावे.

सर्वांत वाईट अवस्था ट्रान्समची आहे. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला जोर दिला की मागची फळीच हलते. ही परीक्षा कोणालाही जमेल, हत्यार लागत नाही, वेळही लागत नाही. तुमच्या माणसाने ती केली नाही, किंवा केली आणि लिहिली नाही. आतून एक बारीक भोक पाडले तेव्हा ड्रिलला लाकडाचा भुसा यायला हवा होता. आला तो काळा, ओला लगदा. आधीच्या इंजिनाच्या बोल्टांची भोके सील न करता वरून नुसती झाकली आहेत, त्यातून पाणी आत जाऊन प्लायवूड कुजले आहे. त्या फळीवर ४० हॉर्सपॉवरचे इंजिन टांगलेले आहे.

आपल्या कार्यालयातून मला मिळालेले उत्तर असे की, ‘तुम्ही खडकावर घातली असेल.’ किल्ल्याभोवतीचे खडक आम्हाला शाळेच्या वाटेसारखे पाठ आहेत, पण ते राहू दे. खडकावर आपटून फायबर फुटते, मान्य. आतले प्लायवूड त्याने कुजत नाही, फोड येत नाहीत, आणि खडक रंगाच्या खाली पुट्टी भरून ठेवत नाही.

शिवाय आपणच मला एक कागद दिला आहे. होडी ‘नव्यासारखी’ केल्याचा पुरावा म्हणून आपल्या विक्री प्रतिनिधीने रंगकामाचे बिल मोठ्या कौतुकाने फाइलमध्ये लावून दिले. त्या बिलावर तारीख २६ जुलै आहे आणि रंगासोबत ८ किलो पुट्टी लिहिली आहे. तपासणी अहवाल २ ऑगस्टचा. म्हणजे आधी पुट्टी भरली, रंग दिला आणि मग तपासणी केली. आठ किलो पुट्टी कुठे गेली हे विचारावे, असे तपासणाऱ्याला वाटले नाही. आणि ‘पूर्वीची दुरुस्ती आढळली नाही’ हे लिहिताना त्याचा हात थांबला नाही.

करारात ‘जशी आहे तशी’ विक्री असे कलम आहे, हे मला वारंवार ऐकवले जाते. जशी आहे तशी दाखवली असती तर त्या कलमाला अर्थ होता. इथे रंग फासून दाखवली आणि वर उत्तम असल्याचे लेखी दिले.

माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. ट्रान्सम बदलणे आणि तळाची रीतसर दुरुस्ती याचा मिस्त्रींनी ९५ हजारांचा अंदाज दिला आहे, तो आपण भरावा, नाहीतर होडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तपासणीचे साडेसहा हजार कोणत्याही परिस्थितीत परत हवेत, कारण ते काम झालेलेच नाही. रंगकामापूर्वीचे तळाचे आणि ट्रान्समचे फोटो आपल्याकडे असतील तर त्यांच्या प्रती पाठवाव्यात. आपल्या माणसाने येऊन पाहायचे असेल तर स्वागत आहे. खरवडलेला भाग तसाच ठेवला आहे, त्यावर काहीही फासलेले नाही. मात्र अजून फार दिवस होडी अशी पडून राहू शकत नाही, दिवाळीची गर्दी तोंडावर आली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ‘धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हे उत्तर तयार असेल तर ते आताच बाजूला ठेवा. होडी मी स्वतः चालवतो, घर तिच्यावर चालते, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा व्यावसायिक वापर मानत नाही. तक्रार मी राहतो तिथे दाखल करता येते, व्यवहार पाच लाखांच्या आतला असल्याने शुल्कही नाही.

आपला,
(सही)
होडीमालक व चालक, मालवण

सोबत: तपासणी अहवाल व रंगकामाचे बिल यांच्या प्रती, खरवडलेल्या तळाचे व ट्रान्समचे फोटो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, पैसे भरल्याच्या पावत्या.