चि. मुक्तास, बॅगेच्या वरच्या कप्प्यात

चि. मुक्ता,

हे पत्र विमानतळावरच वाच आणि बाबांकडे परत दे. चीनला, ग्वांगचौला नेऊ नकोस. बघ, पहिल्याच ओळीत सुरू झालं माझं.

काल आवाज चढवायला नको होता मी. पण ती ह्वांग श्युएछिन तूच सांगितलीस ना? पत्रकार, बायकांचा छळ उजेडात आणायची. २०२१ च्या सप्टेंबरात तिला त्याच ग्वांगचौमधून उचललं, दुसऱ्या दिवशी शिकायला इंग्लंडला निघणार होती. पाच वर्षांची शिक्षा. तिचीही बॅग भरलेली असेल गं.

परवा मी तांदूळ निवडत होते. तू ताटात चार दाणे बाजूला केलेस आणि पेपरच्या कडेला ससा काढलास. चिनीत तांदूळ म्हणजे ‘मी’, ससा म्हणजे ‘थू’. छळाबद्दल बोलताना वापरायचे ते ‘मी टू’ शब्द तिथल्या इंटरनेटवरून पुसले जायला लागले, तशा तिथल्या बायका हीच चित्रं टाकायला लागल्या. मला आधी ‘मी-तू’च ऐकू आलं. किती हसलो आपण! तांदूळ निवडायचे राहिलेच.

आणि तिथल्याच त्या पाचजणी. २०१५ च्या महिला दिनाच्या तोंडावर धरल्या. बसमध्ये अंगचटीला येणाऱ्यांविरुद्ध स्टिकर वाटणार होत्या, एवढंच. ३७ दिवस कोठडीत. मी मिरजेला नोकरीला जायचे तेव्हा पदराला सेफ्टी पिन असायची. एकदा टोचली, तर ओरडला तोच, आणि कंडक्टरनं खाली उतरवलं मला. पुढचे दोन मैल चालत गेले. घरी कुणाला बोलले नाही, तुझ्या आजीलाही नाही. तू या सगळ्यावर प्रबंध लिहितेयस. कुलकर्णी काकूंना मी विषयाचं नाव दोनदा सांगितलं, त्यांनी विचारलं एकदाच होतं.

तरी तिथे असेपर्यंत स्वतःच्या नावानं काही टाकू नकोस. टोपणनाव घे म्हटलं तर म्हणालीस, खातं फोन नंबरला बांधलेलं असतं, आणि वेइबोवर, म्हणजे त्यांच्या ट्विटरवर, २०२२ पासून कुठल्या प्रांतातून लिहिलं तेही दिसतं. मग लिहूच नकोस. वहीत लिही. गप्प राहा जरा. (सांगतंय कोण बघ.) जाऊ दे, चुकलं माझं. तुला कळतं.

मेतकूट निळ्या डब्यात आहे, झाकण घट्ट लाव, मागच्या वेळचं स्वेटरला लागलं होतं.

पोचलीस की फोटो पाठव. भाताचा पाठव. ससा नको.

तुझी,
आई