'असावे' आणि 'आहे'

महोदय,

'क्षयरोगाच्या जंतूची सारी जनुके उलगडली' हे रविवार पुरवणीतील लेखातले वाक्य खटकले. उलगडली ती डीएनएची अक्षरे. १९९८ मध्ये या जंतूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, सुमारे चार हजार जनुके मोजली गेली. पण त्यांतल्या कित्येकांपुढे अजूनही 'हायपोथेटिकल प्रोटीन' असाच शेरा आहे. म्हणजे इथे एखादे प्रथिन तयार होत असावे, हा संगणकाचा कयास. ते करते काय, हे प्रयोगाने कुणी दाखवलेले नाही.

मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. एका विद्यार्थिनीने प्रकल्पात एका जनुकापुढे 'साखर आत घेणारे प्रथिन' असे ठोकून दिले होते. कशावरून? जनुकांच्या डेटाबेसवरून. मग दोघांनी बसून माग काढला. त्या नोंदीला आधार दुसऱ्या जंतूतल्या मिळत्याजुळत्या जनुकाचा, त्याला तिसऱ्याचा, आणि तिथेही प्रयोगाचा पत्ता नाही. सगळी सांगोवांगी! मूळ नोंदीत निदान 'बहुधा' तरी होते. वहीत उतरेपर्यंत तेही गळाले.

उलट क्षयाच्या जंतूतल्या आरव्ही ३५४७ या जनुकाचे पाहा. जेमतेम १५१ अमिनो आम्लांचे प्रथिन, काम अज्ञात. प्रीटोमॅनिड हे क्षयावरचे औषध तेव्हा नुसत्या क्रमांकाने ओळखले जाई. त्याला दाद न देणारे जंतू तपासताना काहींत याच जनुकात बिघाड निघाला आणि २००६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. जंतूच्या पोटात शिरलेल्या औषधाचे विष करते ते हेच प्रथिन. ते बिघडले की गोळी वाया. आज हे औषध बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाच्या सहा महिन्यांच्या उपचारात आहे.

अशी उकल सावकाशच होते. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला जवळजवळ दिवस लागतो, प्लेटवर ठिपके दिसायला तीन-चार आठवडे. त्यात जनुक काढून पाहायचे, प्रथिन शुद्ध करायचे, तेही खास सुरक्षित प्रयोगशाळेत. सहा महिन्यांच्या प्रकल्पात हे कसे बसणार? मुले संगणकाकडे वळतात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि संगणकाचा अंदाज टाकाऊ नसतोच. कुठे खणायचे ते तोच सांगतो.

लेखमालेच्या पुढच्या भागात लेखकाने प्रत्येक जनुकापुढे एवढेच नोंदवावे: प्रयोग झाला आहे, की अंदाज आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली