मल्टिप्लेअर मॉड आणि लिनक्स : मागणी नेमकी करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मल्टिप्लेअर मॉड म्हणजे मूळ गेम अनेकांना मिळून ऑनलाइन खेळता यावा म्हणून त्याला बाहेरून लावलेली जोड. तिच्या लिनक्स सपोर्टचा विषय निघाला की दोन ठरावीक वाक्ये कानावर पडतात. खेळणारे म्हणतात, 'लिनक्स आवृत्ती काढा.' बनवणारे म्हणतात, 'लिनक्सवाले मूठभर, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?' दोघांच्याही मनात मॉड म्हणजे एकच एक वस्तू असते. प्रत्यक्षात ते तीन तुकडे असतात : गेमच्या आत शिरणारा क्लायंट, त्याला सुरू करून देणारा लाँचर आणि सर्व्हर. तिघांच्या अडचणी वेगळ्या, उपायही वेगळे.

क्लायंटपासून सुरुवात करू. मूळ गेम फक्त विंडोजसाठी निघाला असेल, तर त्याच्या मॉडचा 'नेटिव्ह', म्हणजे थेट लिनक्ससाठी बांधलेला, क्लायंट मागण्यात अर्थ नाही. मॉड हा गेमच्या एक्झी फाइलमधल्या (गेमचा मुख्य प्रोग्रॅम) ठरावीक मेमरी पत्त्यांवर हुक लावून, म्हणजे तिथले काम आपल्या कोडकडे वळवून, चालतो. ती फाइल विंडोजची, तेव्हा तिच्यात शिरणारी डीएलएलही (प्रोग्रॅमला जोडली जाणारी लायब्ररी फाइल) विंडोजचीच लागणार. म्हणून इथे लिनक्स सपोर्ट म्हणजे वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा त्यावर बेतलेल्या प्रोटॉनखाली मॉड विनातक्रार चालणे, एवढेच. स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणला आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा लिनक्सवर चालणारा हातातला गेमिंग संगणक. तेव्हापासून हे काम पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, पण आपोआप होणारेही नाही.

सर्वात जास्त वेळा अडते ते अगदी साध्या जागी. बरेच मॉड 'डीइनपुट८' किंवा 'व्हर्जन' अशा सिस्टिम डीएलएलचे नाव घेऊन गेमच्या फोल्डरमध्ये बसतात. विंडोज आधी गेमच्या फोल्डरमध्ये बघते, त्यामुळे मॉड लोड होतो. वाइनकडे मात्र या नावांच्या स्वतःच्या अंगभूत प्रती असतात आणि सांगितले नाही तर ती त्याच उचलते. मग गेम व्यवस्थित सुरू होतो, एकही एरर येत नाही, फक्त मॉडचा पत्ता नसतो. अशा वेळी लोक गेम पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. त्याने काहीही साधत नाही. वाइनच्या सेटिंगमध्ये लायब्ररीजच्या टॅबवर त्या डीएलएलचे नाव घालून 'आधी नेटिव्ह, मग बिल्ट-इन' हा क्रम निवडायचा (इथे नेटिव्ह म्हणजे फोल्डरमधली विंडोजची डीएलएल, बिल्ट-इन म्हणजे वाइनची स्वतःची). स्टीमवर हाच बदल, म्हणजे ओव्हरराइड, लाँच ऑप्शन्समध्ये एका ओळीत देता येतो. मॉडच्या माहितीपत्रकात ही ओळ छापली, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असे आमचे मत आहे.

लाँचरचा घोळ निराळा. स्टीम प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये त्या गेमच्या क्रमांकाने वेगळा प्रीफिक्स (वाइनचा स्वतंत्र बनावट विंडोज ड्राइव्ह) करते. गेम एका प्रीफिक्समध्ये आणि लाँचर दुसऱ्या, अशी विभागणी झाली की दोघांचे वाइन-सर्व्हर (वाइनमधल्या प्रोसेस सांभाळणारा भाग) वेगळे होतात आणि एकाला दुसऱ्याची प्रोसेस दिसतच नाही. मग चालू गेममध्ये मॉडची डीएलएल घुसवणार (इंजेक्शन) कुठे? शिवाय लाँचर गेमचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) शोधतो आणि तोही त्या दुसऱ्या प्रीफिक्समध्ये नसतो. लाँचर प्रोटॉनट्रिक्स या साधनाने गेमच्याच प्रीफिक्समध्ये चालवावा. तो मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेला असेल आणि वाइन-मोनोवर (डॉटनेटचा वाइनमधला पर्याय) खिडकी उघडत नसेल, तर तिथेच डॉटनेट ४.८ बसवावे. मॉड बनवणाऱ्यांनी एक छोटी सोय जरूर द्यावी : गेमचा फोल्डर कमांड लाइनवरून सांगण्याची मुभा. वीसेक ओळींचे काम आहे.

अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींनी २०२१ पासून प्रोटॉनसाठी सोय केली आहे, पण ती चालू करण्याचा निर्णय गेमच्या निर्मात्याचा. मॉडचे स्वतःचे अँटी-चीट कर्नल ड्रायव्हरवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा भाग) उभे असेल तर मार्गच खुंटला, कारण वाइनमध्ये विंडोजचा कर्नल नसतो. आणि ते सिस्टिम डीएलएलवर मायक्रोसॉफ्टची सही तपासत असेल, तर लिनक्सवरचा प्रामाणिक खेळाडूही चीटर ठरून बाहेर फेकला जातो.

खरी, सरळ लिनक्स आवृत्ती हवी ती सर्व्हरची. बहुतेक मॉडच्या सर्व्हरला मूळ गेम लागत नाही आणि भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर बहुधा लिनक्सच असते. इथे मात्र सी++ मधल्या जुन्या सवयी नडतात. ६४ बिट विंडोजवर 'लाँग' (पूर्णांकाचा प्रकार) ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा. 'डब्ल्यूचार' (अक्षराचा प्रकार) विंडोजवर २ बाइटचा, लिनक्सवर ४ चा. स्ट्रक्ट (माहितीचा गठ्ठा) जसेच्या तसे नेटवर्कवरच्या पॅकेटमध्ये कोंबणाऱ्या कोडचा सर्व्हर लिनक्सवर कंपाइल होतो, खेळाडू जोडलेही जातात, आणि मग नावांच्या जागी कचरा दिसतो किंवा गाडी नकाशाबाहेर उगवते. ठरावीक लांबीचे प्रकार वापरा, एकेक फील्ड वेगळे लिहा, मजकूर यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच पाठवा. यातून विंडोज आवृत्तीतल्याही काही लपलेल्या चुका बाहेर येतात, हा वरचा फायदा.

फाइलनावांतली लहान-मोठी अक्षरे आणि उलटा स्लॅश हे आणखी दोन जुने दुखणे. स्क्रिप्टमध्ये एका स्पेलिंगने आणि डिस्कवर दुसऱ्या स्पेलिंगने असलेली फाइल विंडोजवर उघडते, लिनक्सवर नाही. तसेच सर्व्हर नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सची वितरण-आवृत्ती) बांधला की जुन्या मशीनवर 'जीलिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अमुक आवृत्ती सापडली नाही' असे म्हणून तो सुरूच होत नाही. म्हणून बिल्ड नेहमी जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये (वेगळा बंदिस्त कप्पा) करावा. सर्वात फसवा एरर ३२ बिट सर्व्हरचा : फाइल डोळ्यांसमोर असते आणि शेल म्हणतो 'अशी फाइल नाही'. फाइल असते, तिला सुरू करणारा ३२ बिट लोडर नसतो. ३२ बिट लायब्ररी बसवल्या की ती चालते. पोर्टचेही (नेटवर्कवरचे क्रमांकित दार) तसेच. मल्टी थेफ्ट ऑटो या जीटीए सॅन अँड्रियास गेमच्या मॉडच्या सर्व्हरला २२००३ यूडीपी, २२००५ टीसीपी आणि २२१२६ यूडीपी अशी तीन पोर्ट लागतात. शेवटचे बंद राहिले तर सर्व्हर चालू असूनही यादीत दिसत नाही.

हे सगळे दुरुस्त कोण करणार? ज्याला त्रास होतो तो, पण त्याच्या हाती सोर्स कोड असेल तरच. म्हणूनच आम्ही लिनक्स सपोर्ट आणि ओपन सोर्स या दोन मागण्या वेगळ्या मानत नाही. सॅन अँड्रियाससाठीच्याच सॅम्प या दुसऱ्या मॉडचा कोड बंद होता. मूळ विकास थांबल्यावर ओपन डॉट एमपी या प्रकल्पवाल्यांना जुन्या क्लायंटशी जुळणारा सर्व्हर नव्याने लिहावा लागला. मल्टी थेफ्ट ऑटोने कोड जीपीएल ३ या खुल्या परवान्याखाली खुला केला, पण नेटवर्कचा भाग बायनरी रूपातच ठेवला. सगळे उघडायचे नसेल तर हा मधला मार्ग आहे. 'कोड उघडला की चीटर्सना रान मोकळे' हा आक्षेप मात्र फार ताणू नये. डीएलएल डिसअसेंबलरमध्ये (तयार प्रोग्रॅम उकलून दाखवणारे साधन) उघडणाऱ्याला सोर्सची वाट पाहावी लागत नाही. वेग, गोळ्या आणि इजा सर्व्हरने तपासली नाही, तर बंद कोडही वाचवत नाही.

मात्र कोड उघडणे म्हणजे नुसते रिपॉझिटरीचे (कोडचे कोठार) कुलूप काढणे नव्हे. परवाना न लिहिता टाकलेल्या कोडचे सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. तो दिसतो, वापरता येत नाही. सोडून गेलेल्या सदस्यांनी लिहिलेला भाग त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाही, त्यामुळे संमती लेखी घ्या, नाहीतर तो भाग पुन्हा लिहा. मग परक्या लायब्ररी तपासा. डूम या गेमचा सोर्स १९९७ मध्ये बाहेर आला तो लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. रॅकनेट ही नेटवर्कची लायब्ररी २०१४ पासून बीएसडी या मोकळ्या परवान्यावर आहे, तिची चिंता नाही. पण एफमॉड किंवा बॅससारखी आवाजाची बंद लायब्ररी जीपीएल कोडला जोडायची तर परवान्यात तसा अपवाद लिहावा लागतो. गेमचा डिकंपाइल केलेला (तयार प्रोग्रॅममधून उलट काढलेला) कोड आणि त्याची चित्रे, आवाज रिपॉझिटरीत ठेवूच नका. जीटीएच्या उलट-अभियांत्रिकीतून निघालेल्या आरई३ प्रकल्पावर २०२१ मध्ये जीटीएची मालक कंपनी टेक-टूने आधी डीएमसीएची (अमेरिकेचा स्वामित्वहक्क कायदा) नोटीस आणि मग खटला आणला, हे विसरून चालणार नाही.

शेवटचे, सहज नजरेतून सुटणारे : मास्टर सर्व्हरच्या (सर्व सर्व्हरची यादी ठेवणारा) गुप्त किल्ल्या आणि डेटाबेसचे पासवर्ड. नव्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाची नोंद) ते पुसले तरी बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात राहतात. 'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहास साफ करा, पण त्याआधी किल्ल्या बदला, कारण कोणाकडे जुनी प्रत आहे ते कळायला मार्ग नसतो.

खेळणाऱ्यांनीही 'चालत नाही' एवढेच लिहून पाठवू नये. प्रोटॉन-लॉग (काय घडले याची नोंद) चालू करून गेम एकदा सुरू करा. होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची लॉग फाइल तयार होते. ती, प्रोटॉनची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि कोणता ओव्हरराइड दिला होता, एवढे तक्रारीला जोडावे. सर्व्हर कोसळला असेल तर कोअर डंपमधला (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनांतून जाऊन तो कोसळला याची यादी, द्यावा.

कळावे.

आपले,
मॉड सर्व्हर चालवणारे काही वाचक