बाबा, तो वाडा पानशेतात गेलाच नव्हता

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं पण आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनकडे बघवत नाही म्हणून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरिअरने पाठवतेय, बाबा तुम्ही आईला वाचून दाखवा. मधले काही परिच्छेद वाचताना तुम्ही गाळाल हे मला माहितीये. आई, बाबा थांबले की त्यांच्या हातातून कागद घे.

आधी घराचं सांगते. आवरून जवळजवळ झालंय. माळ्यावरची भांडी बोहारणीला दिली, तांब्याचा बंब दिला नाही. शिवणाचं मशीन आत्याकडे कोथरूडला गेलं. दोन मजले जिने उतरवताना हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार, तुम्ही नागपूरला दादाकडे गेलात ते किती बरं झालं हे मला त्या दिवशी पटलं. बिल्डरचा माणूस दर दोन दिवसांनी येतो, गोड बोलतो आणि एक नवीन कागद मागतो.

त्या कागदांवरूनच हे सगळं सुरू झालं. बिल्डरला आपल्या बिल्डिंगबरोबर शेजारची बखळ, ती पडक्या वाड्याची मोकळी जागा, पण घ्यायचीये, दोन्ही प्लॉट एकत्र केले की त्याला नीट बांधता येतं म्हणे, नाहीतर आपल्या बोळात कुठलं पार्किंग आणि कुठलं काय. म्हणून दोन्हीची प्रॉपर्टी कार्डं काढायची होती. आपलं एका खेपेत मिळालं. बखळीसाठी चार खेपा, कारण सिटी सर्व्हे नंबरात एक आकडा इकडचा तिकडे झाला होता आणि खिडकीवरचा प्रत्येक माणूस मला पुढच्या खिडकीवर पाठवत होता. असो.

बखळ म्हटलं की मला काय आठवतं सांगू? ते दगडी जोतं, त्यावर उगवलेला एरंड, आणि काहीच नसलेल्या घराची ती दगडी चौकट. भिंत नाही, दार नाही, नुसती चौकट, आणि आम्ही मुलं आत जाताना इमाने इतबारे त्या चौकटीतूनच जायचो, बाजूने जायला अख्खी जागा मोकळी असून. चौकटीला बॉल लागला की आउट. आणि कोणी पाहुण्याने विचारलं की इथे काय होतं हो, की तुमचं ठरलेलं उत्तर, "वाडा होता, पेशव्यांच्या काळातला. पानशेतात गेला." पुढे एक शब्द नाही.

आता आपल्याकडे पानशेतात काय काय गेलं याची मी मनातल्या मनात यादी केली. तुमची पत्रिका, आजीचा चपलाहार, आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, आपल्या गावच्या जमिनीचे कागद आणि बहुतेक तुमचं सातवीचं प्रगतिपुस्तक. अहो शनिवार-नारायण पेठेत प्रत्येक घरात हेच, जे सापडत नाही ते पानशेतात गेलेलं असतं! 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून मुठेने खरंच इतकं सगळं नेलं की त्यात आणखी चार गोष्टी घातल्या तर कोण मोजायला जातंय. म्हणून मला वाड्याबद्दल कधी शंकाच आली नाही.

कार्डावर फेरफाराची नोंद होती, 1974, खरेदीने. मला वाटलं मोकळी जागा विकली असेल. पण वकील म्हणाले मूळ खरेदीखत बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, म्हणून रजिस्ट्रेशनच्या नोंदींचा इंडेक्स टू शोधून खरेदीखताची नक्कल काढली. आणि त्यात स्वच्छ मराठीत लिहिलंय, मिळकतीचं वर्णन, "दगडी जोत्यावर बांधलेला तीन मजली माडीचा वाडा, मध्ये चौक, चौकात विहीर, भाडेकरूंसह." 1974 साली, बाबा! पानशेतनंतर 13 वर्षांनी वाडा भाडेकरूंसकट उभा होता.

मी तो कागद तिथेच बाकावर बसून तीनदा वाचला. शेजारी एक आजोबा त्यांच्या सातबाऱ्यासाठी बसले होते, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, चेहरा तसा झाला असेल.

खताला भाडेकरूंची यादी जोडलेली आहे. सात जणं. सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं 41 रुपये. हसू नका, वकिलांनी समजावलं तेव्हा मला कळलं, 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती, लढाईच्या दिवसात ठीक होती ती भाडी, पण पुढे कौलं बदलायची तर वर्षाचं भाडं एका आठवड्यात जायचं. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि वाळवी काही कायदा वाचत नाही. पेठांमधले निम्मे वाडे पाण्याने कमी आणि असेच जास्त गेले असतील असं मला आता वाटायला लागलंय.

यादीत पाचवं नाव आजोबांचं आहे. तळमजला, देवडीलगतची खोली, धंद्यासाठी, भाडं 6 रुपये.

म्हणजे आजोबांचं बाइंडिंगचं दुकान तिथे होतं. तुम्ही मला नेहमी सांगितलंत की दुकान अप्पा बळवंत चौकाकडे कुठेतरी होतं आणि ते पण, अर्थात, पानशेतात गेलं.

मग मी ट्रंक उघडली. ती पत्र्याची हिरवी, जिच्यात दाभण, वाळलेल्या खळीचा डबा आणि रेक्झिनचे तुकडे आहेत. तळाशी जुन्या वह्यांमध्ये एक पावती, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आजोबांची सही, खोलीचा ताबा राजीखुशीने सोडल्याबद्दल रु. 3,500 रोख मिळाले. मार्च 1975. तुमचं लग्न मे 1975 चं. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास होतं. आई, तुझ्या पाटल्या. ज्या तू मला माझ्या लग्नात दिल्यास आणि ज्या घालून मी आत्ता हे टाइप करतेय.

बाबा, अजून वाचताय ना? थांबू नका प्लीज.

मी आत्याला फोन केला. ती आधी म्हणाली मला काही आठवत नाही, मग म्हणाली कशाला उकरतेस, मग म्हणाली चहाला ये. गेले. आणि तिने तीन तासांत मला जे सांगितलं ते तुम्ही आयुष्यात कधी सांगितलं नाहीत.

त्या दिवशी बुधवार होता. सकाळी पानशेत फुटल्याची आवई गल्लीत आली तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, नवीन धरण, त्याच पावसाळ्यात पहिल्यांदा भरलेलं, असं कसं फुटेल. आत्या 16 वर्षांची, तुम्ही 13. ओंकारेश्वराकडून पाणी बोळात शिरलं तेव्हा आजोबा दुकानातले छापील फर्मे वरच्या फळीवर ठेवत होते, कोणाच्यातरी पुस्तकाचे, बाइंडिंगला आलेले. आपण राहायचो तो वाडा जुना, भिंती पांढऱ्या मातीच्या, पाणी लागल्यावर त्या विरघळायला लागल्या, आत्या म्हणाली चहात बिस्किट विरघळतं तशा. तेव्हा शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, दिंडी उघडून गल्लीतल्या सगळ्यांना आत घेतलं आणि वर चढवलं. दुपारी खडकवासला पण फुटलं आणि पाणी दुसऱ्या मजल्याच्या सज्जापर्यंत आलं. तिसऱ्या मजल्यावर 24 माणसं, एक गाय (गाय कशी चढवली हे आत्यालाही सांगता येत नाही), आणि खायला काकूंच्या डब्यातले शेंगदाणे आणि गूळ. समोर आपला वाडा बसला, असं आत्या म्हणाली, पडला नाही म्हणाली, बसला. रात्र अमावस्येची, सगळ्या गावात दिवे नाहीत, आणि तुम्ही रात्रभर एका तुळईला हात लावून बसला होतात, हलतेय का ते बघत.

हलली नाही.

नंतर पंधरा दिवस तुम्ही सगळे तिथेच राहिलात. काकूंनी विहीर उपसून घेतली, नळाला पाणी नव्हतं तेव्हा, आणि गाळ काढायला सगळी गल्ली लागली. कोणी पुढे गोखलेनगरला गेलं, कोणी लोकमान्यनगरला, आपण मामाकडे आणि मग 1968 ला या बिल्डिंगमध्ये. पण आजोबांनी दुकान मात्र तिथेच परत थाटलं, चिखल पुसून. आणखी 14 वर्षं तिथेच पुस्तकांची जुजबंदी केली.

म्हणजे जो वाडा पानशेतात गेला असं आम्ही चाळीस वर्षं ऐकलं तोच एक वाडा होता जो पानशेतात टिकला.

पुढचं आत्याने जरा अडखळत सांगितलं. काकूंनी वाडा विकला, त्या थकल्या होत्या, पुतण्याकडे गेल्या. नवीन मालकाने भाडेकरूंना पैसे देऊन उठवायला सुरुवात केली. सातही जणांनी ठरवलं होतं की एकत्र राहायचं, नवीन इमारतीत जागा मिळाल्याशिवाय कोणी सही करायची नाही. आणि पहिली सही आजोबांनी केली. एक फुटला की बाकीच्यांना काय, एकेक करून सगळे गेले आणि नंतर गेलेल्यांना कमी मिळाले. दोन बिऱ्हाडांनी आपल्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. दुसऱ्या वर्षी वाडा पाडला, पाडत होते ते दोन दिवस आजोबा आळंदीला जाऊन बसले. आणि मग नवीन मालकांच्या भागीदारांत कोर्टकचेरी लागली, इमारत काही उठलीच नाही, म्हणून आम्हाला क्रिकेटला बखळ मिळाली.

तेव्हापासून घरात कोणी विचारलं की "पानशेतात गेला". मला वाटतं आधी आजोबाच म्हणायला लागले असतील, आणि तुम्ही ते पुढे चालवलंत. मी तुम्हाला जाब विचारत नाहीये बाबा. तेव्हाचे हिशोब मला इथे बसून करता येणार नाहीत, एकुलत्या मुलाचं लग्न तोंडावर, बाइंडिंगच्या धंद्यात किती मिळायचं ते त्या वह्यांत दिसतंय, शंभर पुस्तकांमागे किती ते वाचून मला घास गेला नाही. पण राग थोडा आलाय हे पण खरं. राग सहीचा नाहीये. ती तुळई, ती रात्र, काकूंचा गूळ, हे सगळं त्या एका सहीखाली गाडलंत याचा आलाय. त्या बाईंचं नावसुद्धा मला खरेदीखतातून कळावं?

हां, एक राहिलं. पेशव्यांच्या काळातला वगैरे काही नाही हं. वकिलांच्या ओळखीने एका सरांकडून जुनं गहाणखत वाचून घेतलं, मोडीतलं, त्यात शके 1811 मध्ये "वाडा नवा बांधिला" असं आहे. म्हणजे 1889. इंग्रजांच्या राज्यातला. पुण्यात सव्वाशे वर्षांचं काहीही असलं की आपण ते सरळ नानासाहेब पेशव्यांच्या नावावर टाकतो. सर म्हणाले त्यांच्याकडे मोडी कागद घेऊन येणाऱ्या दहापैकी नऊ जणांचं तोंड तारीख ऐकून उतरतं. माझं नाही उतरलं. उलट वाटलं, 72 वर्षांचा होता तर त्या दिवशी, आत्ता तुम्ही आहात त्याच्यापेक्षा लहान.

आई, तुला यातलं किती माहिती होतं? पाटल्या देताना तू म्हणाली होतीस "जपून वापर, सासऱ्यांनी फार कष्टाने केल्यात." मी तेव्हा फक्त हो हो केलं.

आता मुद्द्याचं. बुधवारी जेसीबी येणार आहे बखळीत, माती परीक्षणाला खड्डे घ्यायचेत. खरेदीखतात चौकात विहीर लिहिलीये आणि बिल्डरच्या नकाशात विहीर नाहीच, त्याचा सुपरवायझर म्हणतो असं काही दिसत नाही वर. कोणीतरी लाद्या टाकून बुजवली असणार. आत्याला दिंडीतून आत गेल्यावर उजवीकडे एवढंच आठवतंय, किती पावलं ते नाही, ती म्हणाली ते त्यालाच विचार, पंधरा दिवस पोहरा तोच ओढत होता. तर बाबा, कागदाच्या मागच्या बाजूला जसा आठवेल तसा चौक काढा, जिना कुठे, दुकान कुठे, विहीर कुठे, आणि दादाला फोटो काढून मला पाठवायला सांगा. चौकट अजून उभी आहे, तिथून मोजायला लावते. मंगळवारच्या आत पाठवा.

तुमची,
छोटी