चंद्रकळा नेसून लाइपझिगला

म्युनिक,
मंगळवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण रविवारचा फोन. आई, तू दोनच वाक्यं बोललीस, "ओठांना काळं काय फासलंयस? आणि स्मशानात कशाला गेली होतीस?" आणि फोन बाबांच्या हातात दिलास. बाबांनी जेवलीस का, एवढंच विचारलं. माझे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरले आणि त्याखाली कोणी काय लिहिलं, तेही माझ्यापर्यंत आलं. तुझा आवाज कापरा झाला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून कागदावर लिहायला बसले. बाबांचं आयुष्य पोस्टात गेलं. पत्राला घरात अजून मान आहे, हे मला माहीत आहे.

शुक्रवार ते सोमवार मी लाइपझिगला होते. बाबा, नकाशात बर्लिनच्या खाली थोडं डावीकडे बघा. संगीतकार बाख शेवटची सत्तावीस वर्षं याच गावात होता. तिथे दरवर्षी फिंग्स्टेनच्या सुट्टीला, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारला जोडून, वेव्ह-गोटिक-ट्रेफन भरतं. ट्रेफन म्हणजे भेट. जगभरातून वीसेक हजार गॉथ लोक येतात, आणि आपल्याकडे जत्रेचा असतो तसा त्याचा पसारा गावभर असतो. कुठे जुन्या बुरुजाच्या तळघरात गाणं, कुठे चर्चमध्ये ऑर्गन, कुठे नाटकगृहात वाचन. गॉथ म्हणजे काय, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. ऐंशीच्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक संगीतातून ही मंडळी निघाली. काळे कपडे, चांदीचे दागिने, खर्जातलं उदास गाणं, जुन्या इमारती, थडगी, आणि मरणाविषयी उघड बोलायची तयारी. भूत-पिशाच्च, करणी यातलं तिथे काही नाही. पुण्यात कॉलेजला होते तेव्हापासून मी यात आहे. काळे कपडे मैत्रिणीच्या खोलीवर ठेवायचे आणि वाईला येताना पंजाबी ड्रेस घालून एसटीत बसायचे. ती लपवाछपवी आता नको वाटते.

आधी चंद्रकळेचं सांगते, कारण मला त्याची माफी मागायची आहे. दिवाळीला आले होते तेव्हा तुझ्या कपाटातून तुझी चंद्रकळा तुला न विचारता घेऊन आले. शुक्रवारी दुपारी लाइपझिगच्या क्लारा झेट्किन बागेत व्हिक्टोरियन थाटाची सहल असते. बायका घेरदार काळे झगे, झालरीच्या छत्र्या, जाळीचे हातमोजे घालून येतात. गवतावर पांढरी टेबलक्लॉथ अंथरून चहा-केक खातात आणि अख्खं गाव पोराबाळांसकट त्यांना बघायला लोटतं. मी तिथे तुझी चंद्रकळा नेसून गेले. काळीभोर, लाल काठांची. गळ्यात आजीची चांदीची साखळी. आई, त्या बागेत इतक्या जणींनी थांबवून पदर हातात घेऊन पाहिला! एक पोलिश बाई विचारत होती, हे कोणत्या काळातलं? मी म्हटलं, आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी घेतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो, म्हणून. आणि त्यावर साखरेचे दागिने घालतात. तिचा विश्वासच बसेना. मग मी तिला सांगितलं, तू शेगडीशी बसून मंद आचेवर खसखशीवर थेंबाथेंबानं पाक घालतेस, परात हातानं हलवत राहतेस, बोटं भाजतात, आणि तासन्‌तासांनी एकेका दाण्याला काटा येतो. ती मांडी घालून ऐकत बसली होती.

तुझा पहिल्या संक्रांतीचा फोटो काढ. हीच चंद्रकळा, त्यावर हलव्याचा मुकुट, बाजूबंद, हार, कानात हलव्याची फुलं. काळ्यावर पांढरं. आता माझा शुक्रवारचा फोटो त्याच्या शेजारी ठेव आणि शांतपणे बघ.

सहलीनंतर अकरा नंबरच्या ट्रामने मुक्कामावर निघाले. त्या चार दिवसांत ती ट्राम काळ्या कपड्यांनी गच्च भरलेली असते. तुझ्याच वयाची एक बाई पिशवीत भाजी घेऊन बसली होती. तिने सरकून मला जागा दिली, खाली लोळणारा पदर उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, तुम्ही आलात की आम्हाला बरं वाटतं. इतके भारदस्त दिसणारे आणि इतके सभ्य पाहुणे दुसरे कोणी येत नाहीत. ग्रुपवरच्यांना हे कोण सांगणार!

शनिवारी सकाळी मी रुंडे एकेला गेले. म्हणजे गोल कोपरा. शहराच्या रिंग रस्त्यावरच्या या इमारतीत पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, श्टाझीचं, जिल्हा कार्यालय होतं. आता तिथे संग्रहालय आहे. बाबा, तिथे मी तुमच्यासाठी थांबले. पाकिटं वाफेवर उघडायचं यंत्र आणि उघडलेली पाकिटं पुन्हा चिकटवून टाकायचं यंत्र जपून ठेवलंय. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या टपालातली कितीतरी पत्रं आधी या लोकांच्या हाताखालून जायची, आणि ज्याला पत्र मिळालं त्याला कळायचंही नाही. दुसऱ्या खोलीत काचेच्या बरण्या आहेत, आपल्या लोणच्याच्या असतात तशा. आत पिवळी फडकी. संशयित माणसाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्या अंगाचा वास फडक्यात मुरवायचा आणि उद्या लागला तर कुत्र्याला द्यायला बरणीत बंद करून ठेवायचा. त्या बरण्यांसमोर मला मळमळलं.

आणि त्यांच्या कागदपत्रांत मुलांच्या याद्या असायच्या. पंक, हेवी मेटलवाले, आणि काळे कपडे घालणारी गॉथ मुलं, ज्यांना तिकडे ग्रुफ्टी म्हणत, म्हणजे थडग्यातली. "नकारात्मक, अवनत तरुण" असा शिक्का. सोळा-सतरा वर्षांची पोरं रात्री कबरस्तानात बसतात, कविता वाचतात, याची सरकारला धास्ती. त्यांच्यातच माणसं पेरली जायची. बर्लिनची भिंत पडायच्या आधी पॉट्सडॅमला त्यांनी एकत्र जमायचा प्रयत्न केला, तर पोलीस आड आले. मग १९८९ आलं. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी निकोलाय चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सत्तर हजार माणसं सरकारविरुद्ध याच रिंग रस्त्यावरून चालली, हातात मेणबत्त्या घेऊन, आणि गोळी सुटली नाही. ४ डिसेंबरला लोक या गोल कोपऱ्यात शिरले आणि नष्ट होऊ घातलेलं दप्तर वाचवलं. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९९२ साली, कोनेवित्स भागातल्या एका क्लबात पहिलं ट्रेफन भरलं. सुमारे दोन हजार लोक होते. ज्यांच्या याद्या झाल्या होत्या, त्याच पिढीची ही मुलं. म्हणून ते लाइपझिगला भरतं, आणि म्हणून मला तिथेच जायचं होतं.

बाबा, ते पाकीट चिकटवायचं यंत्र बघताना मला आपल्या घरचं पार्सल आठवलं. मी दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. माझ्या नावाचं पार्सल आलं, वाटेत एक कोपरा फाटला होता आणि आतली काळी लेस आणि कवटीची अंगठी दिसत होती. तुम्ही ते पाहिलंच असणार. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर होतं, फाटल्या जागी खाकी कागदाची पट्टी नीट कापून लावलेली, आणि पट्टीच्या कडेला डिंकात तुमच्या अंगठ्याचा ठसा. तुम्ही काही विचारलं नाहीत, आईलाही बोलला नाहीत. "टपाल दुसऱ्याचं असतं, आपण नुसते हमाल," असं तुम्ही नेहमी म्हणायचात. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. तिकडच्या साहेबांनीही पाकिटं चिकटवलीच होती. त्या काचेसमोर उभी असताना तुम्ही माझे बाबा आहात याचा मला इतका अभिमान वाटला, की तिथल्या बाकावर बसून मी रडले.

आई, तुला वाटतं काळा रंग अशुभ. मी या चार दिवसांत जे पाहिलं ते सांगते. गोटशेड रस्त्यावर एक मोकळी जागा आहे. तिथे ज्यू लोकांचं मोठं प्रार्थनामंदिर होतं, १८५५ सालचं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ते जाळलं. आता त्या जागी कांशाच्या १४० रिकाम्या खुर्च्या आहेत, रांगेने, पूजेला लोक येऊन बसतील अशा. ऊन होतं. मी एका खुर्चीला हात लावला, तर ती गरम होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

तिथून दक्षिणेला, साध्यासुध्या राहत्या वस्तीत, आल्फ्रेड केस्टनर रस्त्यावर तुरुंगाची इमारत आहे. १९६० पासून १९८१ पर्यंत पूर्व जर्मनीतल्या सगळ्या देहदंडांची अंमलबजावणी तिथे झाली. चौसष्ट माणसं. आधी गिलोटिनने, नंतर मागून डोक्यात गोळी घालून. शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर खोटं कारण लिहायचे. देह दक्षिण कबरस्तानात नेऊन जाळायचे आणि राख कुठेतरी पुरून टाकायचे, खूण न ठेवता. आई, घरच्यांना अस्थीसुद्धा मिळाल्या नाहीत. हे करणारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून कामावर जात होती, संध्याकाळी मुलांना बागेत नेत होती. या गावात जे काही अशुभ झालं, ते अशा माणसांनी केलं. माझ्यासारखे कपडे घालणारी पोरं तेव्हा त्यांच्या यादीत होती.

तू ज्या स्मशानाच्या फोटोवरून रडलीस, ते हेच दक्षिण कबरस्तान. सुमारे ८० हेक्टरांचं, १८८६ सालापासूनचं. शेजारी १८१३ च्या लढाईचं ९१ मीटर उंच स्मारक आहे. नेपोलियन तिथे हरला, चार दिवसांत लाखाच्या आसपास माणसं मेली-जखमी झाली. त्या दगडी डोंगराने मला काही फार दिलं नाही, पण कबरस्तान मनात राहिलं. रोडोडेंड्रॉनचे ताटवे फुललेले, खारी, लिंडेनची झाडं, आणि काळ्या कपड्यांतली माणसं दोघं-दोघं हळू आवाजात बोलत फिरणारी. कोणी थडग्याला टेकत नव्हतं, कागदाचा कपटा टाकत नव्हतं. अनोळखी नावांसमोर थांबून साल वाचायचे, वय मोजायचे, हळहळायचे. माझ्या पुढे चालणाऱ्या, उंच बुटातल्या एका मुलाने एका लहान मुलाच्या थडग्यावरची वाळलेली पानं हाताने बाजूला केली आणि आपल्या टोपीतलं गुलाबाचं फूल तिथे ठेवलं.

आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं आणि टीव्ही लावून दिला. परत आले तेव्हा त्यांची खाट उचललेली होती आणि त्यांच्याबद्दल विचारलं की सगळे गप्प व्हायचे. मला त्रास होऊ नये म्हणूनच तुम्ही ते केलंत, हे मला आता कळतं. पण त्या खाटेच्या रिकाम्या जागेशी मी कधी बोललेच नाही. रविवारी त्या झाडांखाली बसून मी आजोबांशी पहिल्यांदा बोलले, मराठीत, मोठ्याने. त्यांच्या अडकित्त्याचं, पहाटे घाटावर घेऊन जायचे त्याचं. कोणी वळून पाहिलं नाही. फोटो त्यानंतरचा आहे. आई, नीट पाहशील तर माझे डोळे सुजलेले दिसतील, पण मी हसतेय.

मी पुढच्या वर्षीही जाणार आहे. तुमच्याशी खोटं बोलून जायचं नाही, एवढंच ठरवलंय. ग्रुपवर काही उत्तर देऊ नका. कोणी घरी येऊन विचारलं, तर बाबा, त्यांना तुमच्या पद्धतीने चहा द्या. आणि संक्रांतीला हलवा करशील तेव्हा, आई, माझ्यासाठी एक हार आणि कानातली जास्तीची करून ठेव. मी येऊन घेऊन जाईन.

बाबांचं रक्तदाब तपासून झालं का ते कळवा. पाकीट मी नीट चिकटवलंय, फाटून आलं तर सांगा.

एक राहिलं. चंद्रकळेच्या खालच्या काठाला, निऱ्यांपाशी, गवताचा हिरवा डाग पडलाय, दोन बोटांएवढा. मी अजून पाणीसुद्धा लावलं नाही. इथे ड्रायक्लीनला द्यायची भीती वाटते. रिठ्याने जाईल का? लाल काठाचा रंग काळ्यात उतरेल का? फोन कर आणि सांग, मग मी तू सांगशील तसं धुवेन.

तुमची,
लेक