ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: एक डीपी, एक कुंड आणि रातांब्यांचा हंगाम

माननीय ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत एकतीस वर्षं डिझेल इंजिनांखाली काढलेला माणूस. निवृत्त होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या गावी आलो आणि पहिली गाडी घेतली ती विजेवरची स्कूटर. जुने सहकारी अजून हसतात. त्यांना मी हिशेब दाखवतो. बॅटरी पूर्ण भरायला साडेतीन युनिट लागतात. युनिटला सगळं धरून बारा रुपये मोजले तरी बेचाळीस रुपयांत आमच्या चढ-उतारांवरून ऐंशी किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरला पन्नास-बावन्न पैसे. माझी जुनी पेट्रोलची स्कूटर सव्वादोन रुपये खायची. रोज पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला बाराशे-तेराशे वाचतात. बॅटरी बदलायची वेळ आली की यातले बरेच परत जातील, हे मी धरून चाललो आहे. केंद्राचं अनुदान एप्रिल २०२५ पासून बॅटरीच्या किलोवॅट-तासाला पाच हजारांवरून अडीच हजारांवर आलं आणि सप्टेंबरात पेट्रोलच्या लहान दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, त्यामुळे खरेदीच्या वेळचा फरक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरीही स्कूटर परवडते. रात्री पडवीत प्लगला लावायची, सकाळी काढायची, विषय संपला.

ही गाडी टाकाऊ आहे, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही, म्हणून आधी हे सांगितलं. तक्रार पुढची आहे, चारचाकीच्या चार्जिंगची आणि वाडीच्या विजेची; आणि शेवटी गरम पाण्याच्या कुंडाबद्दल एक मागणी.

माझा पुतण्या ठाण्याला असतो. त्याने विजेवरची चारचाकी घेतली. कागदावर एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटरच्या वर. एसी, चार माणसं, डिकीत सामान आणि कोकणातले घाट धरले की अडीचशे. ठाण्याहून आमचं गाव पावणेतीनशेच्या पुढे. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. गणपतीला निघाला तेव्हा ज्या ठिकाणावर भिस्त होती तिथला चार्जर बंद. मोबाइलवर मात्र तो सुरू दिसत होता. पुढच्या ठिकाणी चार गाड्या आधी उभ्या, प्रत्येकीला पन्नास मिनिटं. सव्वातीन तास नुसती रांग, मग स्वतःचं चार्जिंग. पोहोचला तेव्हा आरती होऊन गेली होती आणि मोदक गार झाले होते. वहिनी गाडीवर नाही, गाडी घेणाऱ्यावर रागावल्या.

घरी आल्यावर दुसरा अंक. चाळीस युनिटची बॅटरी पंधरा अँपिअरच्या प्लगवर भरायला बारा-तेरा तास लागतात, तेसुद्धा व्होल्टेज नीट असेल तर. सणाला वाडीतली बंद घरं उघडतात, प्रत्येक घरात पंखे, मिक्सर, पंप चालू होतात आणि ट्यूबलाइट डोळे मिचकावू लागते. रात्री गाडी लावली की शेजारून हाक येते, ‘काका, जरा थांबवता का, पाणी चढत नाहीये.’

साहेब, आमच्या दोन वाड्यांना मिळून ६३ केव्हीएचा एक डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, आहे. महामार्गावर बसवायचा एक साधा जलद चार्जर ६० किलोवॅटचा असतो. म्हणजे एक चार्जर म्हणजे एक अख्खा डीपी, दोन वाड्यांची वीज. हे गणित माझ्यासारख्या मेकॅनिकला कळतं, तर आपल्या खात्याला कळत नसेल असं मी मानत नाही. पण मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये २०३० पर्यंतचं विजेवरच्या वाहनांचं जे धोरण मंजूर केलं, १,९९३ कोटींचं, त्याच्या बातम्यांत मी डीपी हा शब्द शोधत होतो. टोलमाफी सापडली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू. अटल सेतू उतरून पेणकडे वळलं की टोलमाफीची मजा संपते आणि ६६ नंबरचा मुंबई-गोवा महामार्ग लागतो, ज्याचं चौपदरीकरण आम्ही २०११ पासून बघतो आहोत. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय व्हावी असंही धोरणात आहे. चार्जर बसेल हो. त्याच्या मागे तार किती जाडीची येणार आणि पावसात लाइट गेल्यावर तो किती वेळात उठणार, हे कोण बघणार? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले आहेत. त्या दिवसांत डिझेलची एस.टी. तेवढी चालली, हे मी अभिमानाने नाही, काळजीने लिहितो.

दुसरी एक गंमत आहे. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर आपण सवलत दिलीत. योग्यच आहे, दिवसा सूर्याची वीज असते. पण चारचाकी त्या वेळेत घरी असते का? ती कचेरीच्या आवारात नाहीतर रस्त्यावर उभी असते. रात्री घरच्या प्लगला लागते तेव्हा तिच्या पोटात जातो तो बहुतांश चंद्रपूर-कोराडीचा कोळसा. देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तरी पेट्रोलपेक्षा हिशेब थोडा बरा बसतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा हिरवा नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोठी मोक्याची जागा आणि मोठं कनेक्शन यांची सांगड जिथे आधीच घालावी लागणार आहे, तिथेच चार्जर लावा. ती जागा म्हणजे एस.टी.ची आगारं. पेण, महाड, खेड, चिपळूण, सगळी ठिकाणं महामार्गावर किंवा त्याला लागून. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली आणि बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर विजेवरची पहिली शिवाई धावली. नंतर ५,१५० बस भाडेतत्त्वावर घ्यायचं ठरलं. त्या वेळेवर आल्या नाहीत हे परिवहनमंत्र्यांनीच जाहीरपणे सांगितलं. बस येतील तेव्हा येवोत. आगारांची वीजवाहिनी आत्ता ओढा, दिवसा चार्जर लोकांना खुले ठेवा, रात्री बसना. बंद पडला तर दुरुस्त करायला माणूस चोवीस तास आवारातच असतो. मी त्यातलाच एक होतो. पंपाशेजारी एकटा उभा असलेला चार्जर बंद पडला की कोणाला हाक मारायची हेच पुतण्याला कळलं नव्हतं.

आता गरम पाण्याबद्दल. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासूनच्या, ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं. ते आल्यापासून आमच्या तालुक्यातल्या तुरळ, राजवाडी, आरवलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे पाहुणे जास्त येतात आणि चहाच्या टपरीवर ‘आपल्या कुंडावर वीज होणार’ अशी चर्चा रंगते. देशातल्या ३८१ गरम झऱ्यांची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, त्यात आमचेही आहेत. पण आमच्या जमिनीखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. तुरळला वर येतं ते साधारण साठ अंशांनी. साठ अंशांचं पाणी आणि तीस अंशांची हवा यांच्यातून वीज काढायची तर पुस्तकी मर्यादाच उष्णतेच्या नऊ टक्के आहे. प्रत्यक्षात हाती चार-पाच टक्के लागले तर नशीब. त्यासाठी कोट्यवधींचं खोदकाम करायचं? लडाखच्या पुगा खोऱ्यात पाणी यापेक्षा कितीतरी गरम आहे, तिथे ओएनजीसीने एक मेगावॅटसाठी काम हाती घेतलं, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये खोदताना पाणी-वाफ उसळून नाल्यात गेली. चौदा हजार फुटांवर हिवाळ्यात माणसं रॉकेलच्या बुखारीभोवती, म्हणजे शेगडीभोवती, बसतात. घर गरम करायला जमिनीची उष्णता वापरायची असेल तर पहिला हक्क त्यांचा. आमच्याकडे घर गरम करायची गरज वैशाख स्वतःच भागवतो, आणि अंघोळीला बंब आहे.

पण साठ अंश फुकट घालवायचेही नाहीत. मे संपताना रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. बायका ते फोडतात, सालं आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, बुडवून उन्हात वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. चार-पाच पुटं झाल्याशिवाय आमसूल काळं होत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाचे ढग येतात. दोन दिवस ऊन मिळालं नाही की सालांवर बुरशी, सगळी मेहनत उकिरड्यावर. वाळवायला जी पन्नासेक अंशांची हवा लागते ती कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्यावर तापवता येते. पाणी लोखंडी-तांब्याच्या नळ्यांतून फिरवायचं, वरून पंखा, बंद खोली. टर्बाइन नको, हजार फुटांचं बोअर नको. पंख्याला वीज लागेल ती माझ्या स्कूटरएवढी. मासे वाळवणाऱ्यांनाही पावसाळ्यात तेच हवं आहे. कुंडातल्या पाण्यात खनिजं असतात, नळ्यांवर थर चढेल, वर्षातून एकदा घासाव्या लागतील. ते काम गावातली पोरं करतील, मी शिकवीन.

कुंडाबाबत देवस्थानाशी बोलणी करावी लागतील आणि पाण्याचा मूळ प्रवाह कोणी छेडणार नाही हे लेखी द्यावं लागेल. भाविक अंघोळीला येतात, त्यांचं पाणी आटलं तर गाव कोणाचंही ऐकणार नाही. वाहून ओढ्याला मिळणारं पाणी घ्या, एवढंच.

अशी एक खोली तुरळला बांधून बघा. माझ्या अंदाजाने खर्च एका जलद चार्जरपेक्षा कमी येईल, जास्त आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन. नळ्यांचं रेखाचित्र आणि रोजच्या पाण्याच्या तापमानाची माझी वही (मागच्या दिवाळीपासूनची, थर्मामीटर साधा आहे) पोस्टाने वेगळी पाठवली आहे. डीपीची क्षमता वाढवण्याचा वाडीचा अर्जही सोबत आहे, एकशे बारा सह्यांचा. त्याची पोच मिळावी.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी