फुप्फुसांच्या पेप्टाइडांबाबत केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उशाशी इनहेलरऐवजी एक पांढरी डबी दिसली. श्वासनलिकेचे अस्तर नव्याने तयार होते, असे मोबाइलवर वाचून त्यांनी पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या) कॅप्सूल मागवल्या होत्या आणि इनहेलर परस्पर बंद केला होता. बाराव्या रात्री त्यांना एक वाक्य एका दमात पुरे करता येईना. दोन शब्द, मग धाप, मग पुढचे दोन शब्द. पहाटे त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. डबीवर ‘आहारपूरक’ असे छापलेले होते.

या पेप्टाइडांचा उगम रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. तिथे व्लादिमीर खाविन्सन या संशोधकाने आधी जनावरांच्या अवयवांपासून अर्क काढले आणि पुढे त्याच धर्तीवर छोटी पेप्टाइडे प्रयोगशाळेत जुळवली. त्यांतले फुप्फुसांसाठीचे ब्रोंकोजेन ही चार अमिनो आम्लांची साखळी, तर चोनल्युटेन तीन आम्लांची. नायट्रोजन डायऑक्साइडने फुप्फुसे बिघडवलेल्या उंदरांमध्ये ब्रोंकोजेनमुळे श्वासनलिकेचे अस्तर सुधारल्याचे रशियन संशोधकांनी नोंदवले आहे. हे काम पुढे जावे असे मला मनापासून वाटते, कारण सीओपीडीत झिजलेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध आज कोणत्याच डॉक्टरांकडे नाही. मात्र उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट आपल्या 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनी आखून दिलेली असताना विक्रेते ती टाळून थेट आमच्या घरात पोहोचतात, ही माझी तक्रार आहे.

दमा बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे 1945 च्या औषध नियमांचे परिशिष्ट ‘जे’ सांगते. ही बंदी चुकवायची म्हणून कॅप्सूल ‘आहारपूरक’ होते, इंजेक्शनची कुपी ‘केवळ संशोधनासाठी’ होते, आणि विक्रेत्याच्या त्याच वेबपानावर खाली किती दिवस किती मात्रा घ्यायची याचा तक्ता दिलेला असतो. तो तक्ता प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी नसतो, हे उघड आहे.

तेव्हा लेबलावरच्या शब्दांऐवजी विक्रेत्याने केलेला दावा पाहून कारवाई व्हावी, आणि अशा मालाची तपासणी सीमाशुल्कापाशीच व्हावी, ही विनंती. त्याहून तातडीचे म्हणजे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इनहेलर थांबवू नका, एवढी एका पानाची सूचना मराठीसह सर्व भाषांत काढून छातीविकारांच्या प्रत्येक ओपीडीबाहेर लावावी. वडील दर महिन्याला तिथल्या बाकावर तासभर बसतात आणि समोरच्या भिंतीवरचे सगळे वाचून काढतात.

आपली विश्वासू,
सीओपीडीच्या एका रुग्णाची मुलगी